बालगंधर्व : भूमिका आणि छाप

नारायण श्रीपाद राजहंस (१८८८-१९६७) यांचे ‘बालगंधर्व’ हे बिरुद मुळात त्यांच्या गळ्याला मिळालेले. बाजारात खपली ती मात्र त्यांची स्त्रीप्रतिमा. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी (१९१६) आणि ‘एकच प्याला’तील सिंधू (१९१९) यांच्या ऐन वैभवकाळात हे नाव साबण-पावडरीच्या जाहिरातींवरही झळकले. नाट्यसमीक्षा याकडे बहुधा लोकप्रियतेचा एक गमतीदार पुरावा म्हणून पाहते. वस्तुतः येथे अभिनयच विक्रेय वस्तू होतो. कुलीन स्त्रीने कसे नेसावे, केसांत काय माळावे, याचे एका पुरुषाने रंगमंचावर रचलेले चिन्ह प्रेक्षागृहातील स्त्रिया उचलतात, आणि साबणाची वडी ते घरोघर पोचवते. (अर्थात नटानेही ते घरंदाज बायकांकडूनच उचललेले असणार.)

या छापेची किंमत नटालाच मोजावी लागली. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांना एकनाथांच्या भूमिकेत उभे केले. पुरुषवेषातले बालगंधर्व प्रेक्षकांच्या पचनी पडले नाहीत. ते रंगभूमीवर परतले आणि उतारवयातही स्त्रीवेषातच उभे राहत गेले.