केळीच्या पानांची संपत्ती

१/ पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला ट्रोब्रिअँड हा प्रवाळबेटांचा समूह आहे. मेलनेशियातील या लहानशा बेटांवरील संशोधनाने मानववंशशास्त्राला नवी दिशा दिली. मात्र तेथील स्त्रियांची संपत्ती अर्धशतकाहून अधिक काळ दुर्लक्षित राहिली.

२/ १९१५ ते १९१८ या काळात ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांनी येथे दोन दीर्घ मुक्काम केले. १९२२ च्या त्यांच्या ग्रंथाने ‘कुला’ ही प्रथा जगाला परिचित झाली. शिंपल्यांची कंकणे एका दिशेने, तर लाल माळा उलट दिशेने होड्यांतून बेटोबेटी फिरतात. हा व्यवहार प्रामुख्याने पुरुषांचा.

३/ वंश मात्र आईकडून चालतो. प्रमुखपदाचा वारसा मुलाला नव्हे, भाच्याला मिळतो. भाऊ आपल्या विवाहित बहिणीसाठी याम, म्हणजे कोनफळाच्या कुळातील कंद, पिकवतो आणि तिच्या नवऱ्याचे कोठार भरतो.

४/ १९७१ मध्ये ॲनेट वाइनर तेथे गेल्या. गावातील पहिल्याच दिवशी स्त्रिया त्यांना एका मृत्युविधीला घेऊन गेल्या. तेथे केळीच्या सुकवलेल्या पानांच्या हजारो जुड्या आणि तंतूंचे शेकडो घागरे वाटले जात होते. वाटणाऱ्या स्त्रियाच होत्या.

५/ कोणी मरण पावले की त्याच्या मातृकुळातील स्त्रिया या जुड्या वाटून, त्याच्याशी आयुष्यभर जोडल्या गेलेल्या माणसांचे ऋण फेडतात. जुड्या अपुऱ्या पडल्या, तर नवऱ्याला आपल्या वस्तू देऊन त्या मिळवाव्या लागतात. मेहुण्याने वर्षानुवर्षे दिलेल्या यामची ही परतफेड असते.

६/ त्यामुळे पुरुषाची मिळकत त्याच्यापाशी साचत नाही. पत्नीच्या कुळात मृत्यू झाला, की तिचा मोठा हिस्सा पानांच्या जुड्यांत रूपांतरित होतो. कुळाची प्रतिष्ठा त्या दिवशी स्त्रियांच्या हाती असते.

७/ याला ‘स्त्रीराज्य’ म्हणणे चुकीचे ठरेल. प्रमुखपद पुरुषांकडेच असते. समाज मातृवंशीय आहे, मातृसत्ताक नव्हे. तरीही स्त्रियांना वगळून त्याचे अर्थकारण उलगडत नाही.

८/ स्त्रियांच्या वाटपाचा उल्लेख मॅलिनोव्स्कींच्या लेखनातही आहे. पण त्या जुड्यांना त्यांनी संपत्ती मानले नाही. १९७६ मध्ये वाइनर यांचा ग्रंथ आला आणि हा हिशेब नव्याने मांडला गेला. दृश्य दोघांसमोर होते. मोल कशाला द्यायचे, याचे उत्तर निराळे होते.