न्यायासनापुढील रुग्ण

मनोरुग्णाची जागा तुरुंग नव्हे, हे अमेरिकेला फार उशिरा उमगले. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. मोठी मनोरुग्णालये ओस पडत गेली. पण त्यांच्या जागी योजलेली स्थानिक केंद्रे पुष्कळ ठिकाणी उभीच राहिली नाहीत. निराधार झालेले कित्येक रुग्ण रस्त्यावर आले आणि तेथून कोठडीत गेले.

१९८९ साली मायामी येथे देशातील पहिले अमली पदार्थ न्यायालय सुरू झाले. शिक्षेऐवजी उपचार, नियमित तपासणी आणि न्यायाधीशांपुढे वारंवार हजेरी, ही तेथील रीत. १९९७ साली शेजारच्या ब्रोवर्ड परगण्यात न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांनी मनोरुग्णांसाठी स्वतंत्र न्यायालय चालवायला घेतले.

परंतु व्यसन आणि मनोविकार अनेकदा एकाच माणसात एकत्र नांदतात, हे आपण विसरतो. भासांनी त्रस्त झालेला माणूस भीती शमवण्यासाठी पितो. पिण्याने भास वाढतात. अनेक व्यसन-न्यायालये अशा माणसाला मनोरुग्ण म्हणून नाकारीत, तर मनोविकारांवर उपचार करणारे ‘आधी व्यसन सोड’ असे बजावीत. २००४ च्या केंद्रीय कायद्याने हे दोन्ही विकार एकत्र असलेल्या आरोपींच्या उपचारांसाठीही अनुदानाची वाट मोकळी केली. पुढे काही परगण्यांत अशा आरोपींसाठी खास न्यायालयेही निघाली.

ही न्यायालये वाढावीत, असे आम्हांस वाटते. मात्र न्यायाधीशांच्या आदेशाने डॉक्टर किंवा खाट निर्माण होत नाही. १९६३ साली योजलेली केंद्रे उभारण्याचे काम त्यामुळे टळत नाही.