हरितद्रव्याची थरथर: एका जुन्या वादाची गोष्ट



हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर पडलं, की मिरचीच्या पथाऱ्या लागतात. लांबवर पसरलेली लाल मिरची. हीच मिरची काही आठवड्यांपूर्वी झाडावर हिरवी होती. पिकताना तिच्यातलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, मोडत गेलं आणि लाल द्रव्यं तयार झाली. लालीकडे आपलं सगळ्यांचं लक्ष असतं, कारण भाव तिला मिळतो. आज आपण त्या गेलेल्या हिरव्याविषयी बोलणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं या विषयात का शिरलो, ते ओघात येईलच.

पान हिरवं का दिसतं? शाळेतलं उत्तर असं, की हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषतं आणि हिरवा बराचसा सोडून देतं. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. क्लोरोफिल-ए ईथरमध्ये विरघळवलं, तर त्याचं मुख्य शोषण ४३० आणि ६६२ नॅनोमीटरच्या आसपास दिसतं. त्याशिवाय या दोन उंच शिखरांच्या मधल्या भागात, ६१५ आणि ५८० च्या जवळ, बारीक उंचवटे असतात. आजची गोष्ट त्या उंचवट्यांची आहे.

सुरुवात जरा मागून करू. क्लोरोफिल हे नाव पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८१८ च्या सुमारास दिलं. १८३४ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी पानांच्या मद्यार्कातल्या हिरव्या अर्कातून सूर्यप्रकाशाचा झोत सोडला, तर बाजूनं तो झोत तांबडा चमकताना दिसला. हिरव्या पाण्यात तांबडा उजेड! १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी अशा चमकेचा नियम सांगितला: बाहेर येणारा प्रकाश आत गेलेल्या प्रकाशापेक्षा लांब लहरींचा असतो. म्हणजे मधल्या मधे काही ऊर्जा खर्च होते. ती जाते कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मिळायला १९२५-२६ उजाडलं. गटिंगेनचे जेम्स फ्रांक यांनी विचार मांडला आणि अमेरिकेतल्या एडवर्ड काँडन यांनी त्याला गणित दिलं. रेणू स्वस्थ बसलेला नसतो, त्याचे अणू सतत थरथरत असतात. प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन क्षणात वरच्या स्थितीत जातो. अणूंचे गाभे मात्र जड. एकटा प्रोटॉनच इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट भारी. तेवढ्या वेळात ते हलूच शकत नाहीत.

आता घरचा झोपाळा डोळ्यांपुढे आणा. कुणी वरच्या कड्या झटक्यात वीतभर सरकवल्या, तर झोपाळा असतो तिथेच. पण त्याची विसाव्याची जागा बदललेली असते. मग तो झुलायला लागतो. रेणूचंही तसंच होतं. इलेक्ट्रॉनच्या उडीसोबत कंपाची एक पायरी, दोन पायऱ्या, अशी जादा किंमत प्रकाशाला मोजावी लागते, आणि प्रत्येक किमतीला शोषणाचा एकेक उंचवटा उठतो. पुढे ती थरथर आजूबाजूला ऊब देत शमते, आणि उरलेल्या ऊर्जेचा काही भाग तांबडा होऊन बाहेर पडतो. ब्रूस्टरना दिसलेला उजेड तो हाच.

क्लोरोफिल-ए च्या रेणूत १३७ अणू आहेत. हिशेब केला, तर त्याला थरथरण्याचे ४०५ स्वतंत्र प्रकार निघतात. अशी कंपनं मोजायचं एक मोठं साधन आपल्याच देशात सापडलं, कोलकात्याला, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी. रामन परिणाम तो हाच.

पुढे वाद सुरू झाला. १९६० च्या आसपास मार्टिन गाउटरमन यांनी अशा रंगद्रव्यांच्या वर्णपटाची एक सुटसुटीत मांडणी केली. तिच्यानुसार तांबड्या बाजूला दोन इलेक्ट्रॉनी स्थिती हव्यात: क्यू-वाय आणि क्यू-एक्स. क्यू-वाय म्हणजे ६६२ चं शिखर, यावर एकमत. क्यू-एक्स कुठे? काही म्हणाले, हा उंचवटा. दुसरे म्हणाले, तो नव्हे, शेजारचा. हा तर नुसता कंपाचा आहे. पन्नास वर्षं हे चाललं, आणि दोन्हीकडे पुरावे होते बरं का! वाद पोकळ नव्हता. पानात एका रेणूकडून दुसऱ्याकडे ऊर्जा कशी जाते, याचे हिशेब त्यावर अवलंबून होते.

२०१३ साली जेफ्री रायमर्स, एल्मार्स क्राउझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कंपनं या दोन स्थितींना एकमेकींत मिसळतात. क्यू-एक्स एका उंचवट्यात नाहीच. तो विभागला गेला आहे. दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर होते, आणि चूक दोघांची एकच होती. प्रत्येक उंचवट्याला एकच धनी असतो, हे दोघांनी न तपासता धरलं होतं.

आम्हाला या विषयाकडे ओढलं ते इथं. ‘हे की ते?’ असं विचारताना आपण एक गृहीत आधीच आत सरकवलेलं असतं. वाद फार लांबला, की जादा पुरावा गोळा करण्याबरोबर प्रश्नही एकदा उलटून बघावा. गावकीच्या भांडणातही हे लागू पडतं, नाही का?

जाता जाता फ्रांक यांच्याविषयी. ते ज्यू होते. १९३३ साली नाझी सरकारनं ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे फ्रांक यांना सूट होती. ती नाकारून त्यांनी जाहीर राजीनामा दिला. पुढे अमेरिकेत, शिकागोला, ते प्रकाशसंश्लेषणाच्या कामाला लागले. ज्या माणसानं रेणूच्या थरथरीचं तत्त्व सांगितलं, तोच उतारवयात हिरव्या पानापाशी येऊन बसला.

घरी एक करून बघा. पालकाची पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवा, चुलीपासून लांब. गाळलेला गडद अर्क काचेच्या पेल्यात घ्या, अंधारात जोरदार टॉर्च मारा आणि बाजूनं पाहा. तांबडी झाक दिसेल. मुलं विचारतील, हिरव्यातून तांबडं कसं आलं? मग त्यांना झोपाळ्यापासून सांगायला लागा.