आमच्या पूर्वजांचे काय?

धर्मशिक्षणाच्या वर्गात नरकाचा धडा आला, की आदिलाबादकडच्या गावांत सैतानाविषयी फारसे कुणी विचारत नाही. प्रश्न येतो तो आजा-आजीचा. ज्यांनी येशूचे नावही ऐकले नाही, ज्यांचा स्नानसंस्कार झाला नाही, ते आता कुठे आहेत? विचारणारा बहुधा स्नानसंस्काराच्या तयारीत असतो. उत्तर कसे मिळते यावर त्याचे पुढचे पाऊल अवलंबून असते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आपण जरा नीट पाहू.

आधी या मातीतली समजूत. १९४० साली जोडेघाटला कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांची दखल घेणे भाग पडले. त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ मारलवाई या गोंड गावात पत्नी बेट्टी यांच्यासह राहिले. आमच्या मराठी वाचकांना एक गोष्ट ऐकून बरे वाटेल. पुढे मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, तेव्हा गोंडीची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरी लिपीत झाली. पैनगंगेच्या या काठावर मराठी अक्षर परके नव्हतेच. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते.

हायमेनडॉर्फ यांच्या नोंदींप्रमाणे गोंडांच्या मते मरणानंतर माणसाचा ‘जीव’ भगवानाकडे परत जातो. त्याचे व्यक्तित्व, ज्याला ते ‘सनाल’ म्हणतात, ते पूर्वजांत आणि कुळाच्या पेर्सा पेनजवळ जाऊन मिळते. त्यासाठी विधी करायचे असतात आणि परधानाने किकरी वाजवून गायचे असते. पण मेलेल्याची पापपुण्याची झडती कुणी घेत नाही. चोर असो की सज्जन, तो आपल्या माणसांतच जातो. कुळाचा नियम मोडला तर शिक्षा आहे, आणि ती इथेच, पंचांसमोर, जिवंतपणी. भारतीय आदिवासींच्या परलोककल्पनांवर हायमेनडॉर्फ यांनी १९५३ साली स्वतंत्र निबंध लिहिला. परलोक आणि नीती यांची सांगड माणूस सगळीकडे घालतोच असे नाही, हे त्यांनी पुढेही मांडले. या पती-पत्नींच्या समाध्या मारलवाईलाच आहेत.

शेजारच्या मराठी आणि तेलुगू घरांत मात्र नरक चांगला ओळखीचा. कुणी गेले, की पुढच्या दिवसांत गरुडपुराण वाचले जाते. यमदूत, वैतरणी, चित्रगुप्ताची वही, सगळे त्यात येते. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक नावांनिशी मोजलेले आहेत. पण तिथला मुक्काम बहुधा कायमचा नसतो. भोग संपला की पुन्हा जन्म. मध्वाचार्यांनी काही जिवांना कायमचा अंधार सांगितला, तो अपवाद. निजामाच्या राज्यात उर्दू कचेरीत होती, बाजारातही होती. तिच्यातला ‘जहन्नम’ आणि आपल्या शुभवर्तमानातला ‘गेहेन्ना’ हे एकाच शब्दाचे वंशज आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ शब्द हिन्नोमच्या खोऱ्याचा. यरुशलेमच्या दक्षिणेला असलेल्या या खोऱ्यात मोलेखासाठी मुले अग्नीत होमली जात. योशिया राजाने ते ठिकाण भ्रष्ट करून ती प्रथा मोडली. प्रभू येशू नरकाविषयी बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे खोरे उभे राहत असणार. आईबापांनीच स्वतःची लेकरे जाळली ती जागा. आम्हांला वाटते, की नरकाची याहून भयंकर खूण कोणत्याही चित्रकाराला सुचलेली नाही.

मराठी बायबलने इथे चांगली काळजी घेतली आहे. मेलेल्यांच्या सर्वसाधारण ठिकाणासाठी, म्हणजे हिब्रू ‘शेओल’ आणि ग्रीक ‘हेडीस’ यांसाठी, ‘अधोलोक’, आणि गेहेन्नासाठी ‘नरक’. गोव्याकडे कोंकणी ख्रिस्ती माणूस अजून ‘यमकोंड’ म्हणतो. यम तिथे आडनाव न बदलता ख्रिस्ती झाला, असे थट्टेने म्हणता येईल.

आता पूर्वजांकडे येऊ. ज्यांचे शरीर आज गोव्यात आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांना हाच प्रश्न जपानमध्ये विचारला गेला. १५४९ च्या ऑगस्टमध्ये ते कागोशिमाला उतरले. जानेवारी १५५२ मध्ये कोचीनहून युरोपला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तिथली हकिगत कळवली आहे. नवे ख्रिस्ती त्यांना विचारत, नरकात गेलेल्या आमच्या आईबापांसाठी प्रार्थना करून किंवा दान देऊन काही होईल का? झेवियर सांगत, की नाही. मग ती माणसे रडत. ते रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, असे झेवियर यांनी लिहिले आहे. मात्र त्याच पत्रात दुसरीही एक गोष्ट आहे. देव एवढा दयाळू असेल तर त्याने आपला नियम आम्हांला आधी का कळवला नाही, असेही जपानी विचारत. त्यावर झेवियर म्हणत, की खून करू नये, चोरी करू नये, हे तुम्हांला कुणी शिकवण्याआधीच ठाऊक होते. रानात एकट्या वाढलेल्या माणसालाही ते ठाऊक असेल, कारण निर्माणकर्त्याने ते अंतःकरणात लिहिलेले असते. हे दुसरे उत्तर त्यांनी शेवटपर्यंत ताणले असते, तर पहिल्या उत्तरातला कठोरपणा टिकला असता का, असा प्रश्न पडतो. पण सोळाव्या शतकातल्या माणसाकडून विसाव्या शतकाची भाषा मागणे योग्य नाही.

फ्रिसियन लोकांचा राजा राडबोड याची दंतकथा युरोपात हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते. स्नानसंस्कारासाठी त्याने एक पाय पाण्यात ठेवला आणि विचारले, माझे पूर्वज कुठे आहेत? नरकात, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने पाय मागे घेतला, आपल्या माणसांबरोबर राहिलेलेच बरे म्हणाला. ही घटना खरोखर घडली असे समजण्याचे कारण नाही. तरी ती इतकी वर्षे टिकली, यावरून प्रश्नाचे वजन कळते.

ख्रिस्तसभेत या बाबतीत पहिल्यापासून एकच सूर नव्हता. तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनी अखेरीस सर्वांचा उद्धार होईल अशी दिशा दाखवली. ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेत त्यांचे नाव दोषी ठरले. पण जवळपास तीच आशा बोलून दाखवणारे निस्साचे ग्रेगरी संतच राहिले. संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या एकविसाव्या भागात अशा कनवाळू ख्रिस्ती लोकांना खोडून काढले आणि पश्चिमेत त्यांचेच मत रुजले. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने चर्चबाहेर मरणाऱ्यांविषयी फार कडक शब्द लिहिले. सुवार्ता जगभर पोचली आहे, अशी तेव्हाची सार्वत्रिक समजूत होती. पन्नास वर्षांनी कोलंबस अमेरिकेला पोचला आणि ती समजूत कोसळली. पुढे १९४९ मध्ये बोस्टनचे येशूसंघीय फादर लिओनार्ड फीनी सर्व चर्चबाह्य लोकांना नरकात घालू लागले, तेव्हा रोमने त्यांनाच चूक ठरवले. १९५३ मध्ये ते बहिष्कृत झाले आणि १९७२ मध्ये त्यांचा समेट झाला. दरम्यान २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियुम’च्या सोळाव्या परिच्छेदात शिकवले, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाच्या हाकेप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते.

आमच्या धर्मप्रांताला या गोष्टीत आणखी एक वारसा आहे. आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याचे पीठ मंचिर्यालला आहे आणि उपासना सिरो-मलबार, म्हणजे पूर्व सिरियाक परंपरेची आहे. याच परंपरेत सातव्या शतकात निनवेचे संत इसहाक होऊन गेले. त्यांचा जन्म आजच्या कतारच्या परिसरातला. थोडेच महिने महागुरुपद सांभाळून ते वनवासात गेले. नरकातले दुःख हे प्रेमाविरुद्ध केलेल्या पापाचे दुःख आहे, असे ते म्हणत. त्यांच्या लेखनाचा दुसरा भाग हरवला असेच सगळे धरून चालले होते. १९८३ मध्ये सेबास्टियन ब्रॉक यांना त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आढळली. त्यात इसहाक लिहितात, की देव सूडापोटी शिक्षा करणार नाही, आणि गेहेन्नामागेही त्याचा काही दयेचा हेतू असला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये इसहाक यांचे नाव रोमन संतावलीत घातले.

म्हणून नरक नाहीच, असे म्हणायला आपण मोकळे नाही. धर्मशिक्षणग्रंथाच्या १०३५ व्या कलमात नरक आहे आणि तो सार्वकालिक आहे असे स्पष्ट लिहिले आहे. दोनच कलमे पुढे, देव कुणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही, हेही लिहिले आहे. आदिलाबाद धर्मप्रांत झाला त्याच वर्षी, २८ जुलैला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरक म्हणजे ठिकाणापेक्षा देवापासून स्वतःहून तुटल्याची अवस्था, असे समजावले. पोप फ्रान्सिस १४ जानेवारी २०२४ च्या मुलाखतीत म्हणाले, की नरक रिकामा असावा असे मानायला मला आवडते, आणि हे माझे वैयक्तिक मत आहे. आमच्यातही दोन्ही बाजूंचे लोक आहेत. कुणाला नरकाची भीती गेली तर दारू सोडवायला काही उरणार नाही असे वाटते. कुणाला त्या भीतीनेच माणसे दाराशी येऊन परत जातात असे वाटते. आम्हांला दुसऱ्यांचे म्हणणे अधिक पटते, पण पहिल्यांना आम्ही मूर्ख ठरवणार नाही.

पूर्वजांविषयी मात्र आम्ही गोंधळ ठेवत नाही. तो आजा, ती आजी नरकात आहे असे सांगण्याचा अधिकार ख्रिस्तसभेने कुणालाही दिलेला नाही. कुणा एका माणसाचे नाव घेऊन तो नरकात आहे, असे तिने स्वतःही कधी जाहीर केलेले नाही. लॅटिन परंपरेच्या १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ९०१ प्रमाणे मिस्सा कुणाही जिवंत वा मृत माणसासाठी अर्पण करता येते. स्नानसंस्काराची अट त्यात नाही. आपल्या सिरियाक पंचांगात देन्हा ऋतूच्या शेवटच्या शुक्रवारी मृतांची आठवण होते, आणि २ नोव्हेंबरला घरोघरची माणसे दफनभूमीत जातात. त्या दिवसांत यादीत नाव घालताना कुणी अडखळत विचारले, की आमचा आजा ख्रिस्ती नव्हता, चालेल का, तर आम्ही त्याचे कुळ आणि नाव नीट विचारून घेतो आणि लिहितो.