शब्दवेध : मोह

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे एकाच फुलाला दोन नावं : हिंदीत महुआ, मराठीत मोह. मूळ मात्र एकच, संस्कृत ‘मधूक’. प्राकृतात ‘ध’चा ‘ह’ झाला, शेवटचा ‘क’ गळाला आणि ‘महुअ’ उरलं. मनाच्या मोहाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो ‘मुह्’ धातूतला, भूल पडणे या अर्थाचा. पिणाऱ्याला दोन्ही एकच वाटले, तर इलाज नाही!

चैत्रात पहाटे टपकलेली पिवळसर, रसाळ फुलं वेचायची, मनुकांसारखी सुरकुतेपर्यंत वाळवायची, मग भिजवून, आंबवून चुलीवर दारू गाळायची. सरपणाचा धूर घोटात उतरतो. स्कॉटलंडच्या धुरकट सिंगल माल्ट व्हिस्कीला हा वास पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या मातकट इंधनाच्या, धुरावर वाळवलेल्या जवातून येतो. शेवटी ती व्हिस्की शेरी या वाइनच्या पिंपात मुरवली की सुक्या मेव्याचा गोडवा चढतो. ‘शेरी’ हे स्पेनमधल्या हेरेस गावावरून आलेलं नाव. ‘व्हिस्की’चं गेलिक मूळ ‘जीवनजल’. आणि ‘मधूक’मधल्या ‘मधु’चं युरोपातलं भावंड म्हणजे ‘मीड’, मधाची दारू.

२०२२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज मदिरा’ म्हटलं. कागदावर नाव भारदस्त झालं. बोलण्यात मात्र ती ‘मोहाची’च. पुढे ‘दारू’ म्हणायचीही गरज पडत नाही.