एमपीएच करायचंय? फी भरण्याआधी हे वाचा : प्रवेश, शिष्यवृत्ती, मदत आणि नोकरीच्या वाटा

गावात काविळीची साथ आली की डॉक्टर रुग्णाला तपासतात, औषध देतात. पण साथ नेमकी कुठून सुरू झाली, कोणत्या गल्लीतली पाइपलाइन गटारातून गेली आहे, टाकीत ब्लिचिंग पावडर पडत होती का, अजून किती घरांना धोका आहे, हे शोधणारं काम वेगळं असतं. ते काम सार्वजनिक आरोग्याचं. या विषयातली पदव्युत्तर पदवी म्हणजे 'मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ', थोडक्यात एमपीएच. अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो.

कर्ज काढून पदवी घ्यायची आणि नोकरीच्या जाहिरातीत आपण बसतच नाही हे नंतर कळायचं, अशी वेळ येऊ नये म्हणून काही गोष्टी आधीच माहीत हव्यात.

पहिली पदवी कोणती, यावर बरंच ठरतं

एमपीएचला डॉक्टरच लागतो असं नाही. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी यांच्यासोबत काही संस्था बीएस्सी, समाजकार्य किंवा इतर शाखांच्या पदवीधरांनाही घेतात.

नोकरीत मात्र तसं नसतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या अनेक जाहिरातींत साथरोगतज्ज्ञासारख्या पदासाठी 'वैद्यकीय पदवीधर आणि सोबत एमपीएच, एमएचए किंवा आरोग्य विषयातील एमबीए' अशी अट असते. बीएएमएस झालेली मुलगी एमपीएच करून अशा पदाला अर्ज करू शकते. बीएस्सी झालेला मुलगा तेच एमपीएच, तेवढीच फी भरून करतो, पण त्या पदाला चालत नाही. त्याच्यासाठी कार्यक्रम समन्वय, माहितीचं विश्लेषण, संशोधन प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था या वाटा असतात. त्या वाईट नाहीत, पण वेगळ्या आहेत.

उपाय सोपा आहे. जिल्हा परिषद आणि राज्याच्या आरोग्य अभियानाच्या संकेतस्थळांवरच्या जुन्या पाच-सहा जाहिराती मोबाइलवर उघडायच्या आणि 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना नीट वाचायचा. आणखी एक लक्षात ठेवावं : एमपीएच केल्याने रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही.

शिक्षण कुठे मिळतं?

राज्यात मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे हा अभ्यासक्रम आहे. राज्याबाहेर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं अच्युत मेनन केंद्र (इथे एमपीएच १९९७ पासून शिकवलं जातं), चंदीगडचं पीजीआय आणि गांधीनगरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ या नावाजलेल्या संस्था आहेत.

टिसचा प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. तिचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात. पदवीचा निकाल लागल्यावर बघू म्हणून थांबलं तर वर्ष वाया जातं. खासगी संस्थेत जायचं असेल तर विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे आधी तपासावं.

पैशाची सोय

- भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती : अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर.
- स्वाधार योजना : सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी. मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच 'स्वयम्' योजना, तर ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे.
- पीएम विद्यालक्ष्मी : निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत.

प्रत्येक योजनेला गुण, वय, संस्था यांच्या अटी आहेत. आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम योजनेच्या यादीत आहे का, हे प्रवेशाआधीच विचारावं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं तयार ठेवावं. बरेच अर्ज कागदांपायीच अडकतात.

शिकताना अडलं तर

गावाकडून गेलेल्यांना बहुतेक वेळा दोनच गोष्टी जड जातात : इंग्रजी आणि संख्याशास्त्र. सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवर (वरची शिष्यवृत्तीची योजना वेगळी) याचे कोर्स विनाशुल्क बघता येतात. माहितीच्या विश्लेषणासाठी 'एपी इन्फो' आणि 'आर', नकाशांसाठी 'क्यूजीआयएस' ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. जाहिरातीत ज्या कौशल्यांची विचारणा होते ती हीच.

घरापासून लांब, कर्जाचं ओझं आणि परीक्षेचा ताण असं सगळं एकदम अंगावर येतं. अशा वेळी गप्प बसू नये. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तो विनाशुल्क आहे आणि मराठीत बोलता येतं. रॅगिंगचा त्रास असेल तर १८००-१८०-५५२२ वर तक्रार करता येते.

नोकरी कुठे?

सरकारी बाजूला राष्ट्रीय आरोग्य अभियान आणि एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम यांत जिल्हा आणि शहर पातळीवर पदं निघतात. ती बहुतेक कंत्राटी असतात, त्यात पगार नाही तर ठरावीक मानधन मिळतं. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं बरं.

स्वयंसेवी क्षेत्रात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' १९८६ पासून काम करते. अभ्यासक्रमातलं क्षेत्रकार्य अशा ठिकाणी मिळालं तर हाताला खरा अनुभव येतो.

संशोधनाची आवड असेल तर नेट परीक्षेत 'सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ' हा स्वतंत्र विषय आहे. त्यात जेआरएफ मिळाली की पीएचडी करताना महिना ३७ हजार रुपये मिळतात.

अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र प्रत्येक ठिकाणाहून मागून घ्यावं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि काय काम केलं, हे त्यावर लिहिलेलं हवं. आणि सरकारी भरतीत 'लावून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

फी भरण्याआधी चार प्रश्न

१. माझ्या पहिल्या पदवीवर कोणती पदं मिळू शकतात?
२. विद्यापीठाला मान्यता आहे का, आणि शिष्यवृत्ती लागू होते का?
३. मागच्या बॅचची मुलं आज कुठे काम करतात? (संस्थेच्या माहितीपत्रकावर न थांबता दोन-तीन जणांना फोन करून विचारावं.)
४. क्षेत्रकार्य किती महिन्यांचं आणि कुठे?

या चारांची उत्तरं मिळेपर्यंत पैसे भरायची घाई करू नये.