काळी माणसे डॉक्टरांवर विश्वास का ठेवत नाहीत? डॉ. व्हेनेसा गॅम्बल यांचे उत्तर

"ही माणसे अडाणी आहेत, म्हणून दवाखान्यात येत नाहीत." हे वाक्य आपल्या वस्त्यांबद्दल आपण कितीदा ऐकले आहे! अमेरिकेत काळ्या लोकांबद्दलही असेच बोलले जाते. त्याला इतिहासाच्या पुराव्यानिशी उत्तर देणाऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टर म्हणजे व्हेनेसा नॉर्थिंग्टन गॅम्बल. १९५३ साली पश्चिम फिलाडेल्फियात जन्मलेल्या गॅम्बल यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वैद्यकाची पदवी आणि विज्ञानाच्या इतिहासातली डॉक्टरेट, दोन्ही मिळवल्या. रोग तपासायचा आणि रोगामागची व्यवस्थाही तपासायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले.

त्यांचे काम समजायचे तर टस्कीगी समजले पाहिजे. १९३२ साली अमेरिकी सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातील मेकन काउंटीत एक 'अभ्यास' सुरू केला. त्यात सुमारे ६०० काळे पुरुष होते, बहुतेक गरीब शेतकरी. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही. "तुमचे रक्त खराब आहे" एवढेच सांगितले. बदल्यात तपासणीच्या दिवशी जेवण आणि मेल्यावर दफनाचे पैसे. उपचार न करता रोग माणसाला कसा पोखरतो, हे डॉक्टरांना पाहायचे होते. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हे खात्रीचे औषध मिळाले, तेही या माणसांपर्यंत पोहोचू दिले नाही. आणि हे सगळे लपूनछपून चालले नव्हते. निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते, शिकलेसवरलेले डॉक्टर ते वाचत होते आणि गप्प बसत होते!

पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच कर्मचाऱ्याने तक्रारी केल्या, त्या दाबल्या गेल्या. अखेर जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण फोडले आणि ४० वर्षांचा प्रयोग थांबला. याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्मली. ज्या ब्लॅक पँथरवरून आपण नाव घेतले, ती संघटना त्या काळात काळ्या वस्त्यांत मोफत दवाखाने चालवत होती, सिकलसेलची तपासणी करत होती. आरोग्याचा प्रश्न हा स्वाभिमानाचा प्रश्न आहे, हे त्या तरुणांना तेव्हाच कळले होते.

१९७४ साली कोर्टाबाहेर १ कोटी डॉलरची तडजोड झाली. पैसे मिळाले, माफी नाही. १९९६ साली डॉ. गॅम्बल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दोन मागण्या केल्या: राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागावी आणि टस्कीगी येथे जैवनीतिशास्त्राचे केंद्र उभारावे. १६ मे १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी वाचलेल्या वृद्धांसमोर माफी मागितली. केंद्रही उभे राहिले आणि पुढे गॅम्बल स्वतः त्याच्या संचालक झाल्या.

पण खरा मुद्दा पुढे आहे. त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात गॅम्बल यांनी बजावले की काळ्यांच्या अविश्वासाचे सारे खापर एकट्या टस्कीगीवर फोडू नका. तो अविश्वास त्याहून जुना आहे. १८४०च्या दशकात जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, ल्युसी या गुलाम स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. शवविच्छेदनासाठी काळ्यांच्या कबरी उकरल्या गेल्या. एक प्रयोग वाईट होता म्हटले की बाकीची व्यवस्था निर्दोष सुटते. गॅम्बल तिला सुटू देत नाहीत. रोजच्या दवाखान्यात होणारा अपमानही त्या हिशेबात धरतात. पुढे त्यांनी रुग्ण आणि डॉक्टर म्हणून आपल्याच वाट्याला आलेल्या वर्णद्वेषावर लेख लिहिला. त्याचे नाव होते 'कातडीखालचे व्रण'. डॉक्टरची पदवी मिळूनही रंग आडवा येतोच, हे जातीचा अनुभव असलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

यात आपल्यासाठी एक कडू धडाही आहे. टस्कीगीच्या प्रयोगात काळ्यांच्याच संस्थेचे रुग्णालय वापरले गेले. माणसांना वर्षानुवर्षे जोडून ठेवणारी परिचारिका युनिस रिव्हर्सही काळीच होती. प्रतिनिधित्व हवेच, त्याशिवाय दार उघडत नाही. पण खुर्चीवर आपला माणूस बसला आणि निर्णय दुसऱ्यांनीच घेतले, तर तो माणूस त्यांच्या कामी येतो. म्हणून प्रतिनिधित्वासोबत प्रश्न विचारण्याची ताकद आणि समाजाला उत्तर देण्याची बांधिलकी हवी.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "तुमचे लोक विश्वास का ठेवत नाहीत?" असे विचारले, तर गॅम्बल यांच्यासारखा प्रश्न उलटवा: "तुम्ही विश्वासास पात्र ठरावे असे काय केले?" सही करण्याआधी कागद समजावून मागा. दवाखान्यात झालेला अपमान तारीख-वारासह नोंदवून ठेवा. टस्कीगीच्या माणसांना माफी मिळायला प्रयोग थांबल्यावरही २५ वर्षे लागली. ती मिळाली, कारण कोणीतरी हिशेब जपून ठेवला होता.

जय भीम!